तीन म्हणजे तीनच

वगीह हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. इजिप्तमधल्या आमच्या दसूक गावात त्याला सगळे बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनियरसाहेब म्हणतात, पण त्यात त्याचं विशेष काही नाही. आमच्याकडे टीव्ही दुरुस्त करणाराही बाशमुहंदिस असतो आणि पाण्याची मोटर बसवणाराही. फरक इतकाच की वगीह खरोखरचा इंजिनियर आहे, आणि तोही जमिनीखालचा. इमारतीचा जो भाग एकदा माती लोटली की पुन्हा कुणाला दिसत नाही, तेवढ्यावरच त्याचा जीव. बाल्कनी कुठे काढू, जिना कुठून घेऊ, असं विचारलं तर "तुमची मर्जी" म्हणून मोकळा होतो. पण कॉलमखालचं फुटिंग, म्हणजे पायाचा ठोकळा, किती रुंद, किती जाड, त्यात सळ्यांची जाळी कशी, हे विचारा, माणूस खुलतो. एका लग्नात त्याने नवऱ्यामुलाच्या काकांना, फुटिंग पातळ असलं तर कॉलम ते फोडून खाली कसा घुसतो, हे बसबूसाच्या, रव्याच्या त्या पाकातल्या वडीत बोट खुपसून दाखवलं होतं. काकांनी ती वडी खाल्ली नाही.

रस्त्याने तो मान खाली घालून चालतो. नवख्यांना वाटतं, किती नम्र माणूस. तो माती बघत असतो. आमची माती म्हणजे नाईलने आणून टाकलेला काळा चिखल. भात त्यावर फार छान येतो. घरं मात्र त्यावर जपून उभी करावी लागतात. कमरेइतकं खणलं की पाणी लागतं. म्हणून आमच्याकडे आधी साध्या काँक्रीटचा जाड थर घालतात आणि त्यावर सळ्यांचं फुटिंग बसवतात, जसं उंट चिखलात बसण्याआधी त्याच्याखाली चटई पसरावी.

आणि त्या घरांना डोकं नसतं. गावातल्या कुठल्याही गच्चीवर जा, कॉलमच्या सळ्या माणसाच्या छातीइतक्या वर आलेल्या दिसतील. त्या पुढच्या मजल्यासाठी. मुलगा अजून बोट धरून चालत असतो, पण त्याच्या लग्नाच्या सळ्या गच्चीवर गंजायला लागलेल्या असतात. मुलाला घर असल्याशिवाय मुलगी कोण देणार? सळ्या न ठेवता कुणी छत संपवलं, तर शेजारी विचारतात, घरात काही आजारपण आहे का.

ही सवय वगीहला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक. तीन मजल्यांचा नकाशा मागायला आलेला माणूस चौथा बांधणार, आणि दुसरा मुलगा झाला असेल तर पाचवाही. तेव्हा त्याने एक युक्ती काढली. माणूस तीन म्हणाला की वगीहही गंभीर चेहऱ्याने तीन म्हणायचा, "तीनच्या वर वीट ठेवायची नाही" अशी ताकीद द्यायचा, आणि फुटिंग पाचाचं करायचा. एकदा मला म्हणाला, "ते माझ्याशी खोटं बोलणार हे ठरलेलंच आहे. म्हणून मी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवतो."

वर्षानुवर्षं हे सुखाने चाललं. लोकांनी मजले चढवले, घरं उभी राहिली, आणि हळूहळू गावाच्या ध्यानात आलं की वगीह तीन म्हणतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी वेगळंच असतं. मग ते डोळा मिचकावणं सुरू झालं. वगीहने ताकीद द्यायची, समोरच्याने "अल्लाह तुम्हाला आयुष्य देवो" म्हणायचं आणि एक डोळा मिटायचा. वगीहला ते आवडायचं, हे मी शपथेवर सांगतो. तोंड कडू करायचा, पण मिशीच्या टोकाशी हसू असायचं.

हाजी मख्लूफचं घर मात्र वेगळं निघालं. मख्लूफ बाजारात फतीर विकतो. तुपात भिजवलेल्या पापुद्र्यांची त्याची ती भाकरी हातात धरली तर बोटं पारदर्शक होतात. त्याची जागा दोन घरांमध्ये चिमटलेली, सुरीच्या पात्यासारखी अरुंद. अशा जागेत कडेचा कॉलम अगदी शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटून येतो आणि फुटिंग त्याच्या दोन्ही बाजूंना पसरता येत नाही, कारण एका बाजूला जमीनच संपते. आमच्याकडे त्याला 'शेजाऱ्याचं फुटिंग' म्हणतात, शेजारी त्यात काहीच देत नसला तरी. ओझं फुटिंगच्या एका कडेवर येतं, मग ते कलंडू नये म्हणून जमिनीखालून एक दांडगा बीम टाकून त्याला आतल्या फुटिंगशी बांधून ठेवायचं. वगीहने नकाशात तसं दाखवलंही. पण खणल्यावर दिसलं की शेजाऱ्याच्या पायाचा साधा थर मख्लूफच्याच जागेत घुसून बसला आहे. आता पसरायला होती तेवढीही जागा गेली. वगीह म्हणाला, सगळ्या घराखाली काँक्रीटची एकच सलग लादी, राफ्ट घालू. मख्लूफ म्हणाला, तेवढ्या पैशात मी हजला दोनदा जाऊन येईन.

शेवटी जेमतेम तीन मजल्यांचं ओझं पेलेल एवढं फुटिंग झालं. या घरात वगीहला गुपचूप घालायला काही उरलंच नव्हतं. तो मख्लूफला मुद्दाम दुकानाबाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "हाजी, या वेळी तीन म्हणजे तीनच."

"अल्लाह तुम्हाला आयुष्य देवो, बाशमुहंदिस," मख्लूफ म्हणाला आणि त्याने डोळा मिचकावला.

"हाजी, मी थट्टा करत नाहीये."

मख्लूफने दुसरा डोळाही मिचकावला.

नकाशात वगीहने कॉलम तिसऱ्या छताशी संपवले होते. गवंड्याने सळ्या नेहमीसारख्या छातीइतक्या वर ठेवल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. असं काही सांगावं लागतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मग मख्लूफच्या मुलाचं, रागिबचं लग्न ठरलं. मुलगी इब्तिसाम, आमच्या शाळेतल्या फहीम मास्तरांची. मी भूगोल शिकवायचो, ते गणित. फहीमची अट साधी होती: मुलीला स्वतंत्र बिऱ्हाड हवं. मख्लूफने गच्चीकडे बोट केलं: चौथा मजला. बकरी ईद आली होती आणि स्लॅब ईदच्या दुसऱ्या दिवशी ओतायचं ठरलं. सुट्टीत नगरपालिका बंद असते, त्यामुळे आमच्याकडचे परवानगी नसलेले मजले ईदच्या चंद्रावरच वाढतात. शिवाय ईदचा मेंढा आणि नव्या मजल्याचा मेंढा, दोन्ही एकातच भागणार होतं. त्याच्या रक्तात हात बुडवून नव्या कॉलमवर पंजे उमटवले की झालं.

वगीहला हे वाळूच्या ढिगावरून कळलं. गल्लीच्या तोंडाशी वाळू, खडी आणि सिमेंटच्या गोण्या बघून तो तिथेच थांबला आणि मग ढिगाला वळसा न घालता सरळ त्याच्यावरून चढून मख्लूफच्या दारात गेला. मी मागून आलो, बूट झटकत.

मख्लूफने आमचं असं स्वागत केलं की आम्ही आशीर्वाद द्यायलाच आलो आहोत. रागिबची आई, उम्म-रागिब, सरबत घेऊन आली. वगीह सांगत होता आणि ती दोघं मान डोलावत होती, जसं पाहुणा "पुरे, पुरे" म्हणताना आपण वाढत राहतो तसं. शेवटी मख्लूफ समजुतीच्या सुरात म्हणाला की शाबान गिरणीवाल्यालाही तुम्ही हेच सांगितलं होतं, त्याने वर दोन चढवले, त्याची नातवंडं तिथे सायकल चालवतात.

"शाबानला मी खोटं सांगितलं होतं," वगीह म्हणाला.

"आणि मला?"

"तुम्हाला खरं."

उम्म-रागिब इतकी मनापासून हसली की तिला ओढणीने डोळे पुसावे लागले. "बाशमुहंदिस," ती म्हणाली, "शाबानलाही तुम्ही असंच तोंड करून सांगितलं असेल ना?"

असंच तोंड करून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात त्याने शेवटचा उपाय म्हणून विज्ञान काढलं. लांब बाकाच्या एका टोकाला मख्लूफला बसवलं, दुसऱ्या टोकाला स्वतः बसला आणि भर दुकानात समजावलं की हे तुम्ही कडेचा कॉलम, हा मी आतला, आणि हे बाक म्हणजे आपल्याला बांधणारा बीम. मी जड आहे तोवर तुम्ही टिकाल. पण तुमचं ओझं वाढलं तर काय होईल, बघा. आणि तो उठला. मख्लूफचं वजन फतीर विकणाऱ्याला शोभेल असं आहे. बाक उलटलं, मख्लूफ खाली, चहाचा पेला त्याच्या पोटावर, आणि दुकानात असा हशा झाला की समोरच्या न्हाव्याने एका गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच ठेवून डोकं बाहेर काढलं. मख्लूफही हसला. गावभर झालं की वगीहने हाजीला कसं पाडलं. फुटिंगबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्या दिवसानंतर वगीहचं जेवण सुटलं. माझी बायको सनिय्या त्याच्यासाठी मुलूखियाची पालेभाजी करून घेऊन जायची आणि तशीच परत आणायची. "दादा पानावर बसतो आणि भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवून बघत राहतो," ती म्हणाली. मी समजलो. तो कडेचं फुटिंग बघत होता.

मग आम्ही दोघं फहीम मास्तरांकडे गेलो. वगीहचा बेत असा की मुलीच्या बापानेच ते बिऱ्हाड नाकारावं. फहीमनी शांतपणे ऐकून घेतलं. गणिताचा माणूस, मध्ये बोलत नाही. मग विचारलं, "माझा नकाशा तुम्ही दोन मजल्यांचा दिला होता. मी तिसऱ्यावर बसून तुमच्याशी बोलतोय. बरोबर?"

"बरोबर."

"मग तुमच्या तीनला मी तीन कसं समजू? तुम्हीच सांगा."

वगीह म्हणाला की मख्लूफ तुमच्या मुलीला जिथे ठेवणार आहे, तिथे मी माझ्या मुलीला एक तास बसू देणार नाही. फहीमचा चेहरा बदलला. पण त्यांना वाटलं, यामागे दुसरंच काही आहे. रागिबच्या जागी कुणी दुसरा मुलगा सुचवायचा आहे का, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. साखरपुडा झालेला, मुलीची भांडीकुंडी घेऊन झालेली; आता पायाच्या कारणावरून मोडलं तर लोक म्हणतील पाय मुलीचाच वाकडा.

परत येताना वगीह म्हणाला, "तीस वर्षं मी लोकांना वाचवायला खोटं बोललो. आता वाचवायला खरं बोलतोय, तर चालत नाही."

मी म्हटलं, नगरपालिकेत तक्रार कर. त्याने केली होती. साहेबांनी अर्ज घेतला आणि ईदनंतर बघू म्हणाले. तेसुद्धा वगीहच्याच तीनवर बांधलेल्या पाच मजली घरात राहतात. अर्ज घेताना त्यांनी डोळा मिचकावला होता.

ईदच्या सकाळी नमाज झाला. नवे कपडे घातलेले लोक मैदानातून गल्लीत परतत होते, गळाभेटी चालल्या होत्या, चहाच्या दुकानाबाहेर खुर्च्या रस्त्यावर आल्या होत्या. मख्लूफच्या दारात मेंढा बांधलेला. काँक्रीटचं मिक्सर गल्लीच्या कोपऱ्यावर आणून ठेवलेलं, उद्यासाठी. वगीह, ज्याने आयुष्यात चार माणसांसमोर आवाज चढवला नव्हता, त्याच बाकावर चढून उभा राहिला. लोकांना वाटलं पुन्हा कुणाला तरी पाडणार. ते हसायच्या तयारीने जमले.

त्याने ईदच्या शुभेच्छा दिल्या आणि मग एकेका घराचं नाव घ्यायला लागला. "शाबान, नकाशात तीन. पाया पाचाचा आहे. पाच झाले, आता पुरे. फहीम मास्तर, नकाशात दोन, पाया चाराचा. हसन लोहार, नकाशात तीन, पाया साडेचारचा म्हणजे चारच. ताहा मास्तर," हा मी, "नकाशात दोन, पाया चाराचा, तीन बांधलेत." कागद वगैरे काही नव्हता. तो सगळं डोक्यातून सांगत होता, जशी आई मुलांच्या आवडीनिवडी सांगते. गल्ली संपली, पलीकडची घेतली. जो तो आपलं नाव यायची वाट बघू लागला आणि नाव आलं की शेजाऱ्याकडे बघू लागला. मीही आमच्या गच्चीकडे बघितलं. आमचा एक मुलगा कुवेतला असतो, परत यायचं म्हणतोय.

मला वाटतं, तो काय करतोय हे तेव्हा गर्दीत मला एकट्याला कळलं. प्रत्येक घराखाली त्याने जे थोडं जास्तीचं लपवून ठेवलं होतं, ते नेमकं किती हे कुणाला ठाऊक नव्हतं म्हणूनच शाबूत होतं. आज तो ते सगळं उघड्यावर काढत होता.

सगळ्यात शेवटी तो म्हणाला, "हाजी मख्लूफ. नकाशात तीन." आणि थांबला. "पाया तीनचा."

कुणी डोळा मिचकावला नाही. सगळ्यांना जास्तीचं मिळालं होतं आणि एकट्या मख्लूफला नाही, यावरूनच ते खरं ठरत होतं. मख्लूफ मेंढ्याच्या शेजारी उभा होता. तो आयुष्यभर कणीक ताणत आलेला माणूस. किती ताणली की फाटते हे त्याला कळतं. त्याने वळून शेजाऱ्याच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाला, "शेजाऱ्याच्या बाजूचं?"

"शेजाऱ्याच्या बाजूचं," वगीह म्हणाला.

मख्लूफने मेंढ्याची दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधली आणि आत गेला. दुपारी मिक्सर परत गेलं.

लग्न मोडलं नाही. पण झालं ते मख्लूफला मोडण्यापेक्षा जड गेलं. फहीमच्या घरात एक मजला शिल्लक आहे, हे आता गावाला माहीत होतं. त्यांनी तो चढवला आणि रागिब बायकोसह सासऱ्याच्या डोक्यावर राहायला गेला. मुलगा सासुरवाडीला नांदायला गेला का, असं बायका फतीर घेताना उम्म-रागिबला हसत विचारायच्या. तिने काही दिवस दुकानात यायचं बंद केलं. मख्लूफ वगीहला बघून रस्ता ओलांडायचा.

आणि गावात सळ्यांना पालवी फुटली. कारण वगीहने खरे आकडे सांगितले होते, आणि खरे आकडे नकाशातल्यांपेक्षा मोठे होते. ज्यांनी 'उगाच धोका नको' म्हणून तिसऱ्यावर समाधान मानलं होतं, ते चौथा बांधायला लागले. हसन लोहाराने तो अर्धाही बांधला; म्हणाला, खोली नाही, नुसती पत्र्याची शेड आहे. शाबानबद्दल असं ऐकू येतं की त्याच्या मते वगीहसारखा माणूस सगळं सांगून टाकणार नाही, शेवटचं काहीतरी खिशात ठेवणारच. तो सहाव्याची चौकशी करतोय. वगीह त्याच्याकडे तीनदा जाऊन आला. शाबान प्रत्येक वेळी चहा पाजतो.

नवी गिऱ्हाइकं आली की वगीहने आकडा सांगितल्यावर आता विचारतात, "आणि ईदच्या दिवशीचा आकडा काय?" आमच्या घरातही सनिय्या हल्ली गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की वाजवीपेक्षा जास्त वेळ राहते. परवा तिने दादाला विचारलंच, आमच्यावर एक चालेल ना, तूच म्हणालास. तो "चालेल" म्हणाला आणि पाणी मागितलं. पाणी प्यायला नाही.

तो आता मान खाली घालून चालत नाही. वर बघत चालतो, गच्च्यांकडे. दोनदा गटारात पाय गेला.

या हिवाळ्यात मख्लूफने त्याला निरोप धाडला. दोघं बोलत नव्हते, म्हणून निरोप माझ्यामार्फत. आम्ही गेलो. त्याने आम्हाला गच्चीवर नेलं. सळ्या तशाच उभ्या होत्या, लाल गंजलेल्या, दोन सळ्यांमध्ये उम्म-रागिबने दोरी बांधून लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या. मख्लूफने लसणाची एक जुडी सरळ केली. मग म्हणाला की संध्याकाळी घर फार गप्प असतं. तेव्हा कबुतरं पाळावीत असं मनात आहे. लाकडाचा मनोरा, पलीकडच्या गल्लीत आहे तसा. चालेल का?

वगीह गच्चीवर फिरला. शेजाऱ्याच्या बाजूला गेला, परत आला, आतल्या कॉलमच्या डोक्यावर बुटाने खूण केली. मनोरा इथे, तिकडे नाही. लाकूड हलकं. उंची आपल्या दोन माणसांइतकी, त्यावर नाही.

"आणि कबुतरं किती?" मख्लूफने विचारलं.

वगीहने खरंच हिशेब केला. मी बघत होतो, त्याचे ओठ हलत होते. "पन्नास जोड्या," तो म्हणाला. "हाजी, पन्नास म्हणजे..."

"पन्नासच," मख्लूफ म्हणाला. आणि इतक्या महिन्यांनी, त्याने डोळा मिचकावला.

मी हसलो. मख्लूफही हसला, आणि मग वगीहच्या खांद्यावर हात टाकून त्याने त्याला खाली फतीर खायला नेलं. त्या दिवशी वगीहने पोटभर खाल्लं, हे मी सनिय्याला आवर्जून सांगितलं.

पण तेव्हापासून तो रोज उन्हं कलताना, अस्रच्या नमाजानंतर मख्लूफच्या गल्लीत जाऊन उभा राहतो. मनोरा झाला आहे, कबुतरं आली आहेत, आणि ती छान घिरट्या घालतात, एकदम वळतात, पोटं चमकतात. वगीह ती मोजत असतो. मोजता येत नाहीत, कारण ती एका जागी थांबत नाहीत. मी त्याला म्हटलं, अरे, वर आहेत तोवर त्यांचं वजन तुझ्या फुटिंगवर येत नाही.

"संध्याकाळी उतरतात ना," तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.